आजीबाईंनी जपलेली पत्रे

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली पंडिता रमाबाई यांच्या पत्रांचा एक इंग्रजी संग्रह प्रसिद्ध केला. संपादक होते प्रा. अ. भि. शहा. ही पत्रे जमवून, क्रमाने लावून आणि त्यांवर आपली टिपणे लिहून ठेवण्याचे मूळ काम मात्र त्यांच्या कितीतरी वर्षे आधी एका धर्मभगिनीने केले होते. इंग्लंडमधील वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघातल्या या सिस्टर जेराल्डीन. रमाबाई त्यांना पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. इंग्रजी पत्रात मधेच आलेला हा मराठी शब्द वाचताना मन थबकते, कारण ज्या आजीबाईंना हे लाडके संबोधन लावले आहे त्यांच्याशीच पानोपानी वाद चाललेला असतो.

मे महिन्यात अकोल्याला दुपारी बाहेर पडण्याची सोय नसते. सकाळची मिस्सा आणि संध्याकाळची घरभेट यांमधील तापलेल्या तासांत मी हा संग्रह वाचला. गुरुविद्यालयात असताना रमाबाईंचे नाव कानांवरून गेले होते. केडगावच्या मुक्तिसदनाच्या संस्थापिका आणि बायबलच्या भाषांतरकार एवढीच त्यांची ओळख होती. त्या आपल्या कॅथलिक चर्चच्या नव्हत्या, म्हणून आम्हीही त्यांच्याविषयी अधिक चौकशी केली नाही. पन्नाशी उलटल्यावर हा ग्रंथ हाती यावा, याची थोडी खंत वाटते. ती खंत बाजूला ठेवून या ग्रंथाचे मोल आणि त्यातील उणिवा यांविषयी काही लिहावे असा विचार आहे.

रमाबाईंचे चरित्र वाचकांस सर्वसाधारणपणे ठाऊक असते, म्हणून ते थोडक्यात सांगतो. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले व त्यापायी समाजाचा रोष पत्करला. आईवडील दुष्काळात गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. पुढे बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, कन्या मनोरमेचा जन्म आणि १८८२ साली वैधव्य. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ आणि हंटर आयोगापुढे साक्ष. १८८३ मध्ये त्या वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या हेतूने इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या भगिनींच्या आश्रयाला राहिल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी स्नानसंस्कार घेतला. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. त्यानंतर चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात त्या शिकू लागल्या व संस्कृत शिकवू लागल्या. संग्रहातील सर्वांत जिवंत पत्रे याच काळातील, १८८४ आणि १८८५ या दोन वर्षांतील आहेत.

त्या बहिरेपणाचा मला येथे वेगळा अर्थ दिसतो. ज्या व्यक्तीला समोरच्याचे बोलणे नीट ऐकू येत नाही तिच्यासाठी पत्र हे केवळ खुशाली कळवण्याचे साधन राहत नाही. संभाषणात हुकलेला शब्द कागदावर हुकत नाही. रमाबाई समोरच्याच्या पत्रातील एकेक वाक्य उचलून त्याला उत्तर देतात, आणि तेही इंग्लंडमध्ये येऊन नुकत्याच शिकलेल्या भाषेत. शास्त्रार्थाची परंपरा त्यांच्या रक्तात होती. पूर्वपक्ष मांडून त्याचे खंडन करण्याची ती शिस्त या इंग्रजी पत्रांत उतरलेली आहे. सिस्टर जेराल्डीन यांना यात गर्व दिसला. मला वाटते, अनंतशास्त्र्यांच्या मुलीला वाद घालणे म्हणजे आदर दाखवणे वाटत असावे. ज्याच्याशी वाद घालायचा नाही त्याला तिने दीर्घ पत्र लिहिलेच नसते.

दोन प्रसंग विशेष पाहण्यासारखे आहेत.

पहिला शिकवण्याचा. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्या मनात आले की रमाबाईंनी हिंदुस्थानात जाऊ इच्छिणाऱ्या तरुण पुरुषांना भारतीय भाषा शिकवाव्यात. भगिनीसंघाने ही गोष्ट हिंदुस्थानातील बिशपांकडे विचारणेस्तव पाठवली. लाहोरचे बिशप फ्रेंच आणि मुंबईचे बिशप माइल्न या दोघांनी नकार दिला. एका हिंदी विधवेने पुरुषांना शिकवले तर मायदेशी तिची पत जाईल आणि स्त्रियांमध्ये तिच्या हातून काम होणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. रमाबाईंनी जे उत्तर दिले त्यात संताप आहे आणि त्याहून अधिक आश्चर्य आहे. ज्या देशात आपण वडिलांच्या पश्चात गावोगाव पुरुषांच्या सभांपुढे पुराणे सांगितली, व्याख्याने दिली, त्या देशातील लोकांना काय रुचेल हे आपल्याला न विचारता बिशपांना विचारले जाते! आपल्याला सदसद्विवेकबुद्धी आहे, निर्णयाचा अधिकार देवाने आपल्याला दिला आहे, आणि तो दुसऱ्याच्या हाती सोपवला तर आपण त्या देणगीशी प्रतारणा करू, अशा आशयाचे त्या लिहितात.

या प्रसंगातील विनोद दुःखद आहे. पुण्याच्या कर्मठांनी स्त्रीला जी मर्यादा घातली होती तीच मर्यादा ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांनी त्या कर्मठांच्या भीतीने तिच्यावर पुन्हा घातली. हेतू वाईट नव्हता. आम्ही पाळकमंडळी पुष्कळदा असेच करतो. ‘लोक काय म्हणतील’ या वाक्याला ‘कार्याचे हित’ असे नाव दिले की आमच्या मनाचे समाधान होते.

दुसरा प्रसंग क्रुसाचा. भगिनींच्या क्रुसावर लॅटिन शब्द कोरलेले असत. रमाबाईंना आपल्या क्रुसावर लॅटिन नको होते. शब्द हवेतच तर ते संस्कृतात असावेत असे त्यांनी कळवले. त्यांनी दिलेले कारण मुळातून वाचावे असे आहे. संस्कृत ही देवांची भाषा म्हणून त्यांना ती नको होती. तसे मानणाऱ्या ब्राह्मणांना त्या मागे सोडून आल्या होत्या. आपल्या मातृभूमीची जुनी आणि सुंदर भाषा म्हणून ती त्यांना हवी होती. मग त्या हळूच विचारतात, ब्राह्मणांना संस्कृतबद्दल वाटते तसेच काही तुम्हांला लॅटिनबद्दल वाटते काय? हा प्रश्न १८८४ सालचा आहे. आपल्या चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतील उपासनेला दार उघडले ते १९६३ साली. आमच्या धर्मग्रामातील वृद्ध मंडळी बालपणी पाठ केलेली लॅटिन उत्तरे अजूनही हौसेने म्हणून दाखवतात. त्यांतील एकालाही त्या शब्दांचा अर्थ मला सांगता आलेला नाही. एकोणऐंशी वर्षे आधी पंचविशीतल्या एका नवख्रिस्ती विधवेने नेमक्या जागी बोट ठेवले होते.

इतर वाद आहेत, त्यांवर मी रेंगाळत नाही. रमाबाई मांसच नव्हे तर अंडेही खात नसत, आणि जेराल्डीन यांना त्यात जातीचा अभिमान दिसे. शाकाहार आणि जात यांचे नाते आपल्याकडे खरोखरच गुंतागुंतीचे आहे, त्यामुळे त्या आक्षेपाला काहीच आधार नव्हता असे मी म्हणणार नाही. पण पाहुणीच्या ताटात डोकावून तिची श्रद्धा मोजणे हे काही भले नव्हे. मनोरमेला धर्मशिक्षण कोणी व कसे द्यावे यावरूनही कटुता आली.

खरा पेच आहे तो श्रद्धेचा. स्नानसंस्कारानंतरही रमाबाई त्रैक्याचे रहस्य, कुमारीपासून जन्म, चमत्कार यांविषयी प्रश्न विचारत राहिल्या. जे बायबलमध्ये आपल्याला आढळते ते आपण मानू, चर्चची एखादी व्यक्ती सांगते म्हणून मानणार नाही, हा त्यांचा पवित्रा होता. भारतीय पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, आता तसलेच दुसरे घेण्याची आपली तयारी नाही, असे त्या १८८५ मध्ये स्पष्ट कळवतात.

येथे मी, एक कॅथलिक धर्मगुरू, त्यांच्याशी सहमत होऊ शकत नाही. श्रद्धा ही एकट्याने बायबल उघडून जमवायची गोष्ट आहे असे मी मानत नाही. तेच बायबल आपल्या हाती चर्चच्या परंपरेतून आले. पण वाचताना लक्षात आले की या मुद्द्यावर जेराल्डीन यांची बाजू माझी असूनही त्यांची पत्रे माझे मन जिंकत नाहीत. त्या आज्ञाधारकपणाची मागणी करतात. रमाबाईंना तर समजून घ्यायचे असते. डोरोथिया बील यांनी हे ओळखले होते. ही बुद्धी तत्त्वज्ञानाच्या वाटेने जाणारी आहे, तिला वेळ द्या, दडपू नका, असा त्यांच्या सांगण्याचा रोख असे. एकाच टपालातून आलेल्या या दोन ख्रिस्ती स्त्रियांच्या पत्रांतला हा फरक धर्मशिक्षकांनी अवश्य वाचावा. त्रैक्याविषयी प्रश्न विचारणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलांना मी आजवर जी उत्तरे दिली ती बील यांच्यापेक्षा जेराल्डीन यांच्या जातकुळीतील होती, हे मला येथे नोंदवले पाहिजे.

आता ग्रंथाच्या रचनेकडे वळतो. सिस्टर जेराल्डीन यांनी हे कागद लावले तेव्हा त्यांच्यासमोर एक निष्कर्ष तयार होता. रमाबाईंच्या स्वभावातील अहंकार आणि त्यामुळे झालेले आध्यात्मिक नुकसान दाखवावे, असा त्यांच्या टिपणांचा कल आहे. म्हणजे ज्या स्त्रीची ही पत्रे, तिच्याविरुद्ध भरलेल्या खटल्याची ही जणू कागदपत्रे आहेत. वाचकाने हे विसरू नये. क्रम त्यांचा, जोडवाक्ये त्यांची, कोणते पत्र घ्यावे हा निर्णयही त्यांचा.

पण मग एक कोडे उरते. वाचून झाल्यावर मनात राहतात त्या रमाबाई, आणि तोकड्या पडतात त्या जेराल्डीन. हे त्यांना समजले नसेल काय? काही पत्रे त्यांनी गाळली असतील, काही कापली असतील. पण ज्यांत त्यांच्यावर थेट घाव आहेत अशी पत्रे त्यांनी फाडली नाहीत. कॉन्व्हेंटमध्ये शेगडी असते, आणि कोणी विचारणारे नव्हते. अशा पत्रांची त्यांनी जपणूक केली, आणि त्यांच्या शेजारी आपली स्वतःची पत्रेही ठेवली.

आपल्या परिचयाचे एक उदाहरण येथे आठवते. बाळयेशूची संत तेरेझा हिचे आत्मचरित्र १८९८ साली प्रथम छापले गेले तेव्हा तिच्या सख्ख्या बहिणीने, मदर ॲग्नेस यांनी, त्यावरून प्रेमाने हात फिरवला होता. असंख्य ठिकाणी शब्द बदलले, वाक्ये गुळगुळीत केली. तेरेझाने लिहिलेला मूळ मजकूर जगापुढे येण्यास १९५६ साल उजाडावे लागले. तेथे माया होती आणि मजकूर बदलला गेला. वाँटेजला मायेत भांडण मिसळलेले होते, पण मजकूर पुष्कळसा शाबूत राहिला. कागद जपणाऱ्याकडे कोणता गुण हवा, असे मला कोणी विचारले तर मी आता चटकन ‘प्रेम’ असे उत्तर देणार नाही.

प्रा. शहा हे इंडियन सेक्युलर सोसायटीचे धुरीण, कोणत्याही धर्मसंस्थेचे नव्हेत. त्यांनी प्रस्तावनेत रमाबाईंना आधुनिक भारताने घडवलेली सर्वश्रेष्ठ स्त्री म्हटले आहे. त्या गौरवात काही अतिशयोक्ती असली तरी मला त्याचे वावडे नाही. मला टोचते ते वेगळेच. एका अँग्लिकन धर्मभगिनीने जपले, एका बुद्धिवादी प्राध्यापकाने संपादिले, सरकारी मंडळाने छापले. पुढे उमा चक्रवर्ती यांनी १९९८ साली रमाबाईंवर विस्तृत ग्रंथ लिहिला, मीरा कोसंबी यांनी आयुष्याची अनेक वर्षे त्यांच्या लेखनाच्या अनुवादास दिली. मराठी ख्रिस्ती लेखकांत देवदत्त नारायण टिळक यांनी १९६० साली चरित्र लिहून ऋण फेडले. आम्ही कॅथलिकांनी काय केले? ‘त्या आपल्या नव्हत्या’ एवढेच म्हटले.

संग्रहाच्या उणिवा उघड आहेत. सर्वांत मोठी म्हणजे त्यात मराठी रमाबाई भेटत नाहीत. इंग्लंडच्या प्रवासाविषयी १८८३ साली मराठीत प्रसिद्ध झालेले त्यांचे पत्र आणि १८८९ चे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ शेजारी ठेवून वाचले तर दोन वेगळ्या व्यक्ती बोलत आहेत असे वाटते. मराठी ग्रंथातील रमाबाई प्रसन्न आहेत. अमेरिकेतील स्त्रियांच्या संस्थांचे कौतुक करतात आणि तेथील कृष्णवर्णीयांना व मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीवर कोरडेही ओढतात. तेथे त्या पाहणाऱ्या आहेत. इंग्रजी पत्रांत त्यांना सतत कोणी तरी पाहत असते. केवळ पत्रसंग्रहावरून त्यांच्या स्वभावाचा अंदाज बांधणारा वाचक त्यांना कायम आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करील.

शिवाय मायदेशी त्यांच्यावर उलट दिशेने झालेला मारा या कागदांतून पुरेसा उमगत नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठले, आणि १८९३ साली रानडे व भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले. वाँटेजला त्या पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या, पुण्याला त्या नको तितक्या ख्रिस्ती वाटल्या.

आणखी एक स्त्री मला या संदर्भात सारखी आठवते, ती आपल्या वऱ्हाडची. शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्यात छापले गेले, म्हणजे रमाबाईंच्या ‘स्त्रीधर्मनीति’च्याच वर्षी. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून झालेली शिक्षा हे त्या पुस्तकाचे निमित्त. जोतीराव फुले यांनी ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर सारे शांत झाले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा प्रकाशात आणले तेव्हा कुठे मराठी वाचकांना ही लेखिका ठाऊक झाली. तिच्या नावावर तेवढे एकच पुस्तक आहे. ताराबाई कोणाशी भांडल्या, कोणाला काय लिहिले, पुस्तकावर टीका झाल्यावर त्यांनी लेखणी खाली का ठेवली, यांची उत्तरे देणारे कागद आपल्यापुढे नाहीत, कारण बुलढाण्यात कोणी आजीबाई नव्हत्या. रमाबाईंना निदान एक चिकाटीची विरोधक लाभली.

हे लिहिताना मला स्वतःकडे पाहणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो तेथे एक निवृत्त शिक्षिका होत्या. जिनिंगमध्ये सरकी वेचणाऱ्या बायांचा रात्रीचा वर्ग त्यांनी वर्षानुवर्षे चालवला; कोणाचा नवरा मारझोड करी तर त्या बाईला घेऊन पोलीस ठाण्यात जाण्यासही त्या कचरत नसत. माझ्याशी त्यांचे पटत नसे. स्त्रियांच्या प्रश्नावर मी प्रवचनात गुळमुळीत बोलतो असे त्यांनी मला दोनदा लेखी कळवले होते. त्या वारल्या तेव्हा त्यांचे भाचे एक पत्र्याची पेटी घेऊन आले. आत वह्या, अर्जांच्या नकला, पत्रे होती. सणाची तयारी चालू होती. मी म्हणालो, जागा नाही, रद्दीत द्या. त्यांनी दिली. मला आलेली ती दोन पत्रे तर मी त्याआधीच फाडून टाकली होती.

सिस्टर जेराल्डीन यांच्या टिपणांतील कडवटपणावर हसू येऊ लागले की मला ती पेटी दिसते.

एक वही वाचली आहे. मागची पाने कोरी असल्याने सेवकाने ती मिस्सेच्या हेतूंचा हिशेब लिहायला घेतली होती, म्हणून ती पेटीत नव्हती. पुढच्या पानांवर रात्रीच्या वर्गाची हजेरी आहे. आरंभी नावांपुढे अंगठे आहेत. काही पानांनंतर त्यांच्या जागी वाकड्यातिकड्या सह्या येऊ लागतात. बदलीच्या वेळी ती वही मी मागून घेतली. आता ती माझ्या कपाटात स्नानसंस्काराच्या नोंदवहीशेजारी ठेवलेली आहे. त्या वर्गात शिकलेल्या बाया, त्यांच्या लेकी-सुना आजही अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या भागात राहत असतील. कोणाकडे बाईंच्या हातचे एखादे पत्र, अर्जाची नक्कल, पाटीवर उतरवून घेण्यासाठी त्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी असेल तर ती मला पाहावयास मिळावी. माझ्यावर टीका केलेली असली तरी चालेल.